मागे तिघे बसले की टायर मडगार्डला का लागतात?

प्रश्न : माझ्याकडे २०१९ सालची स्विफ्ट आहे. मूळ १५ इंची चाके काढून मी १६ इंची अलॉय (७ जे, ईटी ३५) आणि २०५/५५ आर १६ मापाचे टायर बसवले. नंतर गाडी जरा खाली दिसावी म्हणून ओळखीच्या गॅरेजात पुढच्या स्प्रिंगचा एक आणि मागच्या स्प्रिंगचे दीड वेढे कापून घेतले. गाडी साधारण दोन इंच खाली आली. एकटा चालवतो तेव्हा काही त्रास नाही. पण मागे तिघे बसले की गतिरोधकावर आणि चिपळूणला जाताना कुंभार्ली घाटातल्या वळणांवर मागचे टायर घासल्याचा आवाज येतो. शिवाय स्टिअरिंग पूर्ण वळवून गाडी मागे घेताना पुढचे डावे चाक कुठेतरी लागते. गॅरेजवाले म्हणतात, मडगार्डची कड ग्राइंडरने उडवून टाकू. मित्र म्हणतो, स्प्रिंगमध्ये रबराचे बफर घाल. अलॉयच्या दुकानात स्पेसर लावायला सांगितले. यांपैकी काय करू? गाडी पुन्हा पूर्ण उंच करण्याची माझी इच्छा नाही. — एक वाचक, कराड

उत्तर : या तिन्हींपैकी सध्या एकही करू नका. चाकाची आणि टायरची मापे तुम्ही नेमकी लिहून पाठवलीत हे फार बरे झाले, कारण बहुतेक पत्रांत ‘मोठे अलॉय लावले आहेत’ एवढेच असते आणि तेवढ्यावरून कोणालाच काही सांगता येत नाही. तुमच्या दुखण्याचे मूळ या आकड्यांतच आहे.

गाडी खाली केल्यामुळे टायर घासू लागले, असा तुमचा आणि गॅरेजवाल्यांचाही समज दिसतो. तो अर्धाच खरा आहे. चाक वरच्या दिशेने किती जाऊ शकते, हे स्प्रिंग ठरवत नाही. ते बंप स्टॉपर ठरवतो, म्हणजे सस्पेन्शन पूर्ण दाबले गेल्यावर धातूवर धातू आपटू नये म्हणून बसवलेला तो रबराचा किंवा फोमचा ठोकळा. तुमची मूळ गाडीसुद्धा पाच माणसे, सामान आणि एखादा मोठा खड्डा अशा प्रसंगी तिथपर्यंत दाबली जातच होती आणि तरीही टायर कुठे लागत नव्हता, कारण कंपनीने मूळ चाक त्या टोकाच्या स्थितीतही मडगार्डपासून दूर राहील असा हिशेब केलेला असतो. म्हणजे स्प्रिंग कापून तुम्ही चाकाला एखाद्या नव्या जागी पोहोचवलेले नाही. पूर्वी ते जिथे क्वचित जात असे तिथे आता वारंवार जाते, इतकेच. त्या जागी गेल्यावर ते घासते याचा अर्थ चाक आणि टायरच मूळ मापापेक्षा बाहेर आले आहेत. कापलेल्या स्प्रिंगने ही गोष्ट उघडी पाडली. (याला एकच अपवाद आहे, तो म्हणजे बंप स्टॉपरच कापलेला, फाटलेला किंवा गायब असणे. त्याकडे पुढे येतो.)

हा हिशेब तुम्हाला घरी कागदावर करता येईल. रिमवर ‘७ जे’ लिहिलेले असते तेव्हा रिमची रुंदी ७ इंच, म्हणजे १७७.८ मिलिमीटर असते. ‘ईटी ३५’ म्हणजे रिमच्या मध्यरेषेपासून हबला (गाडीच्या ज्या भागावर चाक नटांनी आवळले जाते त्याला) टेकणारा पृष्ठभाग ३५ मिलिमीटर बाहेरच्या बाजूला आहे. हा आकडा जितका लहान, तितके चाक गाडीबाहेर येते; अनेकांचा गोंधळ नेमका इथेच होतो आणि मोठा आकडा म्हणजे चाक अधिक बाहेर असे समजून लोक उलटीच खरेदी करतात. तुमच्या रिमची बाहेरची कड हबच्या पृष्ठभागापासून ८८.९ वजा ३५, म्हणजे सुमारे ५४ मिलिमीटर बाहेर आहे आणि आतली कड ८८.९ अधिक ३५, म्हणजे सुमारे १२४ मिलिमीटर आत आहे. जुन्या रिमचे आकडे तुम्ही पाठवलेले नाहीत. ते रिमच्या आतल्या बाजूला कोरलेले असतात, तेव्हा जुनी चाके घरात असतील तर पाहून घ्या. उदाहरणापुरते ते ५.५ जे आणि ईटी ४५ धरू. मग जुनी बाहेरची कड सुमारे २५ मिलिमीटरवर आणि आतली ११५ मिलिमीटरवर येते. म्हणजे नवे चाक आत जेमतेम ९ मिलिमीटर सरकले आहे, पण बाहेर तब्बल २९ मिलिमीटर आले आहे. मागचे टायर मडगार्डच्या कडेलाच का लागतात, याचे उत्तर त्या २९ मध्ये आहे.

अलॉयच्या दुकानाने सुचवलेला स्पेसर या हिशेबात कुठे बसतो ते पाहा. स्पेसर म्हणजे हब आणि रिम यांच्यामध्ये घालायची चकती. ती चाकाला आणखी बाहेर ढकलते. आतल्या बाजूला टायर स्ट्रटला, म्हणजे स्प्रिंग आणि शॉकअपच्या उभ्या खांबाला, घासत असता तर तिचा विचार करता आला असता. तुमच्या मागच्या चाकांसाठी मात्र ती आगीत तेल ओतण्यासारखी आहे.

आता टायर. १८५/६५ आर १५ या मूळ टायरचा व्यास ६२१.५ मिलिमीटर येतो. तुमच्या २०५/५५ आर १६ चा असा : २०५ मिलिमीटर रुंदीच्या ५५ टक्के, म्हणजे बाजूच्या भिंतीची उंची, ११२.७५, त्याची दुप्पट २२५.५, आणि त्यात १६ इंच म्हणजे ४०६.४ मिळवले की ६३१.९. टायर सुमारे १० मिलिमीटरने मोठा झाला, म्हणजे त्याचा वरचा भाग मडगार्डच्या ५ मिलिमीटर जवळ गेला. रुंदी वाढली ती निराळीच. (स्पीडोमीटरही आता पूर्वीपेक्षा पावणेदोन टक्क्यांच्या आसपास कमी दाखवत असणार.) २०५/५५ आर १६ हे माप मोठ्या सेडान गाड्यांना सर्रास लागते आणि कुठल्याही दुकानात हाताशी असते, म्हणून ते हॅचबॅकच्या गळ्यात मारले जाते. तुमच्या गाडीला १६ इंची चाकावर शोभणारे माप १९५/५५ आर १६ आहे. त्याचा व्यास ६२०.९ मिलिमीटर, म्हणजे मूळ टायरपेक्षा अर्ध्या मिलिमीटरहून किंचितच जास्त फरकाचा. हे टायर ७ इंची रिमवर बसतात, पण ती त्यांच्या मान्य रुंदीची वरची मर्यादा आहे, हे ध्यानात ठेवा.

हे सगळे करण्याआधी एक काम मात्र ताबडतोब करायला हवे, आणि त्याचा घासण्याशी थेट संबंध नाही. कापलेल्या स्प्रिंगा काढा. तुम्हाला गाडी उंच करायची नाही हे वाचूनच मी हे लिहीत आहे. स्प्रिंगचा शेवटचा वेढा तिच्या बैठकीत घट्ट बसावा म्हणून मुद्दाम घडवलेला असतो. तो उडवला की उरलेले टोक बैठकीत कसेबसे टेकते. तुमच्या गाडीत मागची स्प्रिंग आणि शॉकअप एकमेकांपासून अलग बसवलेले आहेत. चाक खड्ड्यात पूर्ण खाली लोंबते किंवा गाडी जॅकवर चढवली जाते तेव्हा आखूड झालेली स्प्रिंग सैल पडते, आणि सैल पडलेली स्प्रिंग परत येताना आपल्याच जागी येईल याची खात्री कोणी देऊ शकत नाही. घाटातल्या वळणावर एक मागची स्प्रिंग बैठकीतून निसटली तर काय होईल, याचे वर्णन मी करत नाही. ग्राइंडरने कापताना तिच्यावरचा संरक्षक थर गेलेला असतो, तिथून गंज धरतो आणि गंजलेल्या ठिकाणी तडा जातो. गॅसने कापली असेल तर त्या भागातल्या पोलादाचे पाणीच उतरलेले असते.

शिवाय स्प्रिंगचा कडकपणा तिच्या खेळत्या वेढ्यांच्या व्यस्त प्रमाणात असतो. समजा मागे सहा खेळते वेढे होते आणि दीड गेले. उरलेल्या साडेचार वेढ्यांची स्प्रिंग मूळ स्प्रिंगपेक्षा सुमारे एक तृतीयांशाने कडक झाली. ‘कडक झाली म्हणजे कमी दबेल’ असे समाधान काही जण करून घेतात. पण उभ्या गाडीतच बंप स्टॉपरपर्यंतच्या अंतरातले पन्नास मिलिमीटर तुम्ही खर्च केले आहेत, आणि मागे तीन माणसे बसली की उरलेले बरेचसे संपते. मग गतिरोधकावर स्प्रिंग काम करतच नाही, स्टॉपरच सगळा मार खातो. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकाप्रमाणे गोल गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच असावा. आपल्या रस्त्यांवर ग्रामस्थांनी रातोरात घातलेले उंचवटे या मानकाला किती जुमानतात हे तुम्हाला ठाऊक आहेच. तुमच्या गाडीचा मूळ ग्राउंड क्लिअरन्स, म्हणजे जमिनीपासून गाडीच्या तळाची उंची, १६३ मिलिमीटर होता. त्यातून पन्नास गेले, मोठ्या टायरमुळे पाच परत आले, आणि माणसे बसल्यावर जे उरते त्यात दहा सेंटिमीटरचा गतिरोधक ओलांडायचा आहे.

मित्राने सांगितलेले रबराचे बफर दोन वेढ्यांच्या मध्ये अडकवले जातात. त्यामुळे मागचा भाग थोडा उचलल्यासारखा वाटतो खरा, पण ते दोन वेढे एकमेकांशी जखडले जातात आणि सगळा ताण शेजारच्या वेढ्यांवर पडतो. अखंड स्प्रिंगवरही मला ते पसंत नाहीत. कापलेल्या स्प्रिंगवर तर त्यांचे नाव काढू नका.

मग गाडी थोडी खाली ठेवायची तर काय करावे? तुमच्याच मॉडेलसाठी बनवलेल्या, २५ ते ३० मिलिमीटर खाली बसवणाऱ्या तयार स्प्रिंगा घ्याव्यात. त्यांची टोके बैठकीला जुळतात, त्यांची लांबी अशी ठेवलेली असते की चाक पूर्ण लोंबले तरी स्प्रिंग सैल पडत नाही, आणि कडकपणाही हिशेबाने वाढवलेला असतो. दिसायला दोन इंचांचा थाट राहणार नाही, हे मान्य आहे. पण १६ इंची चाक, योग्य टायर आणि एक इंच खाली बसलेली गाडी ही माझ्या डोळ्यांना तरी मडगार्डमध्ये रुतलेल्या चाकापेक्षा देखणी वाटते. स्प्रिंगा येईपर्यंत मूळ मापाच्या स्प्रिंगा बसवून घ्या आणि दरम्यान मागे माणसे बसवून घाटात जाऊ नका.

स्प्रिंगा बदलताना बंप स्टॉपर तपासून घ्या, किंवा तपासताना स्वतः उभे राहा. गाडी खाली केल्यावर ती वारंवार आपटते म्हणून काही मिस्त्री स्टॉपर अर्धा कापून देतात. आपटणे कमी झाल्यासारखे वाटते, कारण चाकाला आता वर जायला जास्त जागा मिळालेली असते, आणि ती जागा म्हणजेच टायर आणि मडगार्ड यांच्यामधली शेवटची मोकळी जागा. पंचविशीत मी स्वतःच्या एका जुन्या गाडीचे मागचे स्टॉपर ब्लेडने कापून असाच शहाणपणा केला होता. पुढच्याच आठवड्यात सासुरवाडीच्या मंडळींना घेऊन निघालो आणि टायरच्या खांद्यावरचे (नक्षी आणि बाजूची भिंत जिथे मिळतात तिथले) रबर साबणाच्या किसासारखे निघालेले पाहिले. काही वेळा उलट उपाय करावा लागतो, म्हणजे स्टॉपरच्या मुळाशी पॅकिंग घालून तो जरा लवकर टेकेल असे करावे लागते. टायर घासायचे थांबते, पण गाडी भरलेली असताना अचानक टणक होते आणि ओल्या वळणावर मागचे चाक सरकण्याची भीती वाढते. म्हणून हा उपाय पाच-सात मिलिमीटरपुरता आणि शेवटी करावा.

आता टायर नेमका कुठे लागतो ते शोधू. आवाजावरून अंदाज बांधणाऱ्यांवर माझा विश्वास नाही. चाकाच्या कमानीत आवाज असा घुमतो की कसलेला कानही फसतो. पहिले माप टेपने घ्या : प्रत्येक चाकाच्या हबच्या केंद्रापासून थेट वर मडगार्डच्या कडेपर्यंत. जमिनीपासून मोजू नका, कारण टायरमधली हवा आणि झीज त्या मापात मिसळते. डावे आणि उजवे यांत पाच मिलिमीटरपेक्षा जास्त फरक असेल तर स्प्रिंगा असमान कापल्या गेल्या आहेत किंवा एखादा भाग वाकला आहे. तुमचे फक्त डावे पुढचे चाक लागते, म्हणून या मापाकडे विशेष लक्ष द्या.

मग मागच्या चारही कडांना, म्हणजे दोन्ही टायरच्या बाहेरच्या आणि आतल्या खांद्यांना, ओल्या खडूचा जाड पट्टा ओढा. मागच्या सीटवर आणि डिकीत मिळून दोनशे किलो वजन ठेवा. तांदळाची पोती चालतील, शेजाऱ्यांना गाडीत बसवून त्रास देण्याची गरज नाही. ओळखीच्या गतिरोधकावरून अगदी हळू दोन-तीनदा जा. जिथला खडू पुसला गेला तिथे टायर लागतो, आणि मडगार्डच्या आत ज्या जागी पांढरा डाग उमटला ती त्याला लागणारी वस्तू. ही वस्तू नेहमी मडगार्डची कड असेल असे नाही. बंपर आणि मडगार्ड जिथे जुळतात तिथे आत डोकावणारा एखादा स्क्रू किंवा प्लॅस्टिकची जीभ असते, आणि पुष्कळदा सगळा गुन्हा तिचाच असतो. किती जागा उरते हे मोजायचे असेल तर घट्ट मळलेल्या कणकेचा बोटभर जाड पट्टा कमानीच्या आतून चिकटवा आणि तीच फेरी पुन्हा मारा. दबलेल्या कणकेची जाडी सांगते की तिथे किती मिलिमीटर उरले. पाच मिलिमीटरपेक्षा कमी उरत असेल तर मला ते अपुरे वाटते, कारण वळणावर टायर स्वतःही बाजूला फुगतो.

पुढच्या चाकाची गोष्ट वेगळी आहे. तिथे चाक वळते, आणि वळताना टायरचा पुढचा किंवा मागचा कोपरा कमानीत फिरतो. ईटी कमी झाल्यामुळे हे फिरणे मोठ्या वर्तुळात होते, म्हणून तो बंपरच्या मागच्या कडेला किंवा कमानीतल्या काळ्या प्लॅस्टिकच्या लायनरला लागतो. गाडी जागेवर उभी करून, इंजिन चालू ठेवून, कोणाला तरी स्टिअरिंग पूर्ण डावीकडे आणि मग पूर्ण उजवीकडे वळवायला सांगा आणि बॅटरीच्या उजेडात पाहा. हात मात्र आत घालू नका. नुसता लायनर घासत असेल तर घाबरण्याचे कारण नाही. अलॉय बसवताना त्याच्या एकदोन क्लिपा तुटलेल्या असतात आणि तो टायरकडे सुटून आलेला असतो. नव्या क्लिपा लावल्या की काम भागते, आणि तरीही लागत असेल तर हीट गनने हलके गरम करून तो मागे दाबता येतो. पण टायर ब्रेकच्या होसला, एबीएसच्या वायरला किंवा स्ट्रटवरच्या स्प्रिंगच्या बैठकीला लागत असेल तर त्या चाकांवर गाडी चालवणे त्याच दिवशी थांबवा आणि जुनी चाके लावा.

गाडी मागे घेताना लागते, एवढेच तुम्ही लिहिले आहे, म्हणजे पुढे जाताना लागत नसावे. हा तपशील मला महत्त्वाचा वाटतो. लोअर आर्मचे (चाकाला खालून धरणाऱ्या दांड्याचे) रबरी बुश सैल झाले असतील तर गाडी मागे घेताना चाक आपल्या जागेवरून थोडे सरकते, आणि आधीच काठावर असलेली मोकळी जागा संपते. कापलेल्या स्प्रिंगांवर बसणारे दणके हे बुश लवकर संपवतात. गाडी उचलून पहारीने आर्म हलवून पाहायला सांगा. दोन मिनिटांचे काम आहे.

मडगार्डची कड ग्राइंडरने उडवण्याचा सल्ला मी इतक्या उशिरा विचारात घेतो, कारण त्याची पाळी सगळ्यात शेवटी यायला हवी. स्प्रिंगा आणि टायर बदलल्यावर तुम्हाला ती येण्याची शक्यता कमी आहे. तरीही कणकेच्या मापाने तीन-चार मिलिमीटर कमी पडत असतील, तर कड कापू नका, वळवा. मडगार्डच्या आत जो साधारण काटकोनात वळलेला पत्र्याचा पट्टा असतो तो वर दुमडून टाकायचा, म्हणजे टायरसमोर धार उरत नाही. यासाठी हबवर बोल्टांनी बसणारे रोलरचे यंत्र मिळते. पत्रा आधी हीट गनने गरम करून, एका दमात न वळवता थोडा थोडा, अनेक फेऱ्यांत वळवला तर रंग सहसा शाबूत राहतो. टायर आणि मडगार्ड यांच्यामध्ये लाकडी दांडका घालून गाडी पुढे-मागे ढकलण्याची पद्धत काही ठिकाणी चालते. तिने पत्र्याला लाटा येतात आणि त्या पुढे कोणताही डेंटर पूर्ण काढू शकत नाही. कड वळवल्यानंतर आतून सूक्ष्म तडे तपासून प्रायमर आणि सीलंट लावायलाच हवे. तुम्ही वरचेवर चिपळूणला जाता. कोकणातला एक पावसाळा उघड्या पत्र्याला पुरेसा असतो. ग्राइंडरने कापलेल्या कडेची तर दोन पत्र्यांमधली जोडणीच उघडी पडते, पाणी आत शिरते आणि दोन वर्षांनी रंगाखाली फोड दिसू लागतात.

‘कॅम्बर देऊन टाका, टायर आत जाईल’ असेही तुम्हाला कोणीतरी सांगेल. चाकाचा वरचा भाग एक अंशाने आत कलवला तर तो जेमतेम पाच मिलिमीटर आत जातो. तुमच्या गाडीत पुढचा स्ट्रट दोन बोल्टांनी जोडलेला असल्यामुळे कॅम्बर बोल्ट वापरून पुढे हे करता येते. पण तुमचे टायर बाहेरून घासतात ते मागे, आणि मागे टॉर्शन बीम, म्हणजे दोन्ही चाकांना जोडणारा एकच आडवा दांडा, आहे, जिथे कॅम्बर बदलण्याची सोयच नाही. टायरची आतली कड लवकर खाऊन घेण्याच्या बदल्यात तुम्हाला काहीच मिळणार नाही.

तेव्हा माझ्या मते क्रम असा असावा. या आठवड्यात कापलेल्या स्प्रिंगा काढून चांगल्या बसवा, स्टॉपर आणि बुश पाहून घ्या. मग हेच टायर ठेवून खडूची परीक्षा करा. तरीही घासत असेल, आणि २९ मिलिमीटरचा हिशेब पाहता घासेल असेच मला वाटते, तर १९५/५५ आर १६ घ्या. टायरच्या बाजूवर मापानंतर लिहिलेला भारांक जुन्या १५ इंची टायरच्या भारांकापेक्षा कमी नको : ८८ म्हणजे एका टायरवर ५६० किलो, ८७ म्हणजे ५४५ आणि ९१ म्हणजे ६१५. नवे टायर घेण्याआधी रिम परत घेणारा कोणी भेटत असेल तर त्याहून चांगला मार्ग आहे : त्याच १६ इंचांत ६.५ जे आणि ईटी ४५ च्या आसपासचे रिम. बाहेरची कड तुमच्या आताच्या रिमपेक्षा १६ मिलिमीटर आत येईल आणि आतली कड फक्त चार मिलिमीटर अधिक आत जाईल. तेवढी जागा स्ट्रटच्या बाजूला आहे का, ते आधी बोट घालून नव्हे, मोजून पाहा. रिमचे चार भोकांचे १०० मिलिमीटरचे वर्तुळ जुळते तसेच मधले भोकही जुळायला हवे. तुमच्या हबचे माप ५४.१ मिलिमीटर आहे आणि रिमचे भोक मोठे असेल तर त्या मापाची सेंटर रिंग लावल्याशिवाय चाक थरथरते.

सध्याचे मागचे टायर काढून दोन्ही बाजूंनी नीट पाहा. घासल्याचा चट्टा खांद्यावरच्या रबरापुरता असेल तर ठीक. पण बाजूच्या भिंतीवर कापड किंवा तारा दिसत असतील, किंवा बोट फिरवल्यावर फुगवटा जाणवत असेल, तर त्या टायरला पंक्चरवाल्याकडे नेण्यात अर्थ नाही, तो बाद आहे. असा टायर पुणे-बेंगळुरू महामार्गावर वेगात फुटतो.

कायद्याचेही पाहून ठेवा, कारण दुकानदार हे सांगत नाहीत. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे नोंदणी प्रमाणपत्रातले तपशील निर्मात्याने मुळात दिलेल्या तपशिलांशी विसंगत होतील असा बदल वाहनात करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने याच भूमिकेला दुजोरा दिला. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मालकाने केलेल्या अशा अनधिकृत प्रत्येक बदलासाठी ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही अशी तरतूद आहे. अपघातानंतर कापलेली स्प्रिंग विमा कंपनीच्या सर्वेक्षकाच्या डोळ्यांतून सुटत नाही. चाके बदलल्याचे विमा कंपनीला लेखी कळवून तिचे उत्तर जपून ठेवा.

स्प्रिंगा बसवल्यावर शंभर-दोनशे किलोमीटर गाडी चालू द्या, त्या आपापल्या जागी बसतात; अलाइनमेंट त्यानंतर करा, आधी केलेली वाया जाते. गाडीची उंची बदलली की पुढच्या चाकांचा टो, म्हणजे त्यांची तोंडे आत किंवा बाहेर किती वळली आहेत ते, बदलतो आणि स्टिअरिंगही मधोमध राहत नाही. हेडलाइटचा झोतही त्याच वेळी जुळवून घ्या, आणि अलॉयचे नट गाडीच्या पुस्तिकेत दिलेल्या टॉर्कवर पुन्हा एकदा आवळून घ्या. हब ते मडगार्ड अशी चारही मापे आणि जुन्या रिमवरचे आकडे मला कळवलेत, तर ६.५ जे चे रिम आत बसेल की नाही ते अधिक नेमके सांगता येईल.